आधी टोन, मग रंग: चित्रकला शिकण्या-शिकवण्याचा बारा रविवारांचा क्रम

गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी दर रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग घेते. नऊ-दहा वर्षांची मुलं असतात आणि नोकरीतून निवृत्त झालेली मंडळीही असतात. पहिल्या रविवारी कुणाच्याही हातात पेन्सिल देत नाही. आधीच निरोप गेलेला असतो की घरातून मुठीत मावतील अशा पाच वस्तू आणा. मग फरशीवर शाळेचा मोजा येतो, हळदीची डबी येते, स्टीलचं झाकण, आमसुलं, आजीच्या नऊवारीचा तुकडा, हिरव्या-लाल बांगड्या. खडूने एक लांब रेघ मारते. एका टोकाला पांढरा कागद, दुसऱ्या टोकाला काळी छत्री. या दोन टोकांच्या मध्ये सगळ्या वस्तू उजळापासून गडदापर्यंत ओळीने लावायच्या. अट एकच, रंगाचं नाव घ्यायचं नाही.

पाच मिनिटांत वाद सुरू होतो, आणि तो दर वेळी तिथेच सुरू होतो. "टीचर, लाल बांगडी पुढे ठेवा ना, ती केवढी भडक आहे!" भडक आणि उजळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वादातून कळतं तसं कुठल्याही व्याख्येतून कळत नाही. लाल बांगडी भडक असते, पण डोळे किलकिले करून पाहिलं की ती हिरव्या बांगडीच्या शेजारीच, कधी कधी तिच्यापेक्षाही गडद, जाऊन बसते.

हा लेख त्या फरशीवरच्या ओळीपासून पूर्ण रंगीत चित्रापर्यंतचा रस्ता सांगतो. माझं म्हणणं असं आहे की रंग शिकायचा तर आधी टोन शिकावा. टोन बरोबर असेल तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र उभं राहतं. टोन चुकला तर महागातला महाग रंगही चित्राला वाचवत नाही.

टोन म्हणजे काय, एकदाच

साडीच्या दुकानात 'शेड दाखवा' म्हटलं की रंग दाखवतात आणि शाळेत 'शेडिंग कर' म्हटलं की मुलं पेन्सिल घासतात. एकाच शब्दाने दोन कामं होतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून मी वर्गात 'टोन' हाच शब्द वापरते. टोन म्हणजे एखादी जागा किती उजळ किंवा किती गडद आहे ते. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगाचे तीन गुण वेगळे करून दाखवले. एक, तो कुठला रंग आहे. दुसरा, तो किती उजळ वा गडद आहे. तिसरा, तो किती तजेलदार वा मळकट आहे. टोनची त्यांची मोजपट्टी 0 म्हणजे काळ्यापासून 10 म्हणजे पांढऱ्यापर्यंत जाते. आपल्याला सुरुवातीला पाच पायऱ्या पुरतात.

डोळे किलकिले करणं ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची सवय. त्याने बारीक तपशील आणि कडा विरघळतात आणि उजळ-गडदाचे मोठे तुकडे उरतात. मात्र हा सराव भरपूर उजेडात करा. तिन्हीसांजेला जास्वंदीचं लाल फूल काळपट दिसायला लागतं आणि त्याचीच पानं उजळ वाटतात, कारण कमी उजेडात आपला डोळा लालाला कमी आणि हिरव्या-निळ्याला जास्त प्रतिसाद देतो. संध्याकाळी सहानंतर लावलेली ओळ सकाळी चुकलेली दिसेल.

साहित्य

2बी, 4बी आणि 6बी पेन्सिल. कार्ट्रिज कागद, क्वार्टर आकाराचा. पोस्टर कलरच्या दोन बाटल्या, काळी आणि पांढरी. जलरंगाच्या सात ट्यूब: लेमन यलो, गॅम्बोज, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरिन, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना. गोल ब्रश 6 आणि 10 नंबरचा, एक चपटा. पॅलेट म्हणून चिनी मातीची पांढरी बशी, पाण्यासाठी दोन डबे (एक धुण्याचा, एक स्वच्छ पाण्याचा), जुन्या सुती धोतराचा तुकडा.

1931 साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग आपल्याकडे गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानातही मिळतात आणि या सगळ्या सरावाला ते पुरेसे आहेत. पैसे खर्चायचेच असतील तर रंगावर नको, कागदावर खर्च करा. वॉशचे, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थरांचे, सराव सुरू झाले की 300 जीएसएमचा जाड कागद घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो, खळग्यात रंग साचतो आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपला हातच वाईट आहे.

रंगीत कामासाठी काळा रंग घ्यायचा नाही. तो फक्त पोस्टर कलरमध्ये, राखाडीच्या सरावांपुरता.

पहिली पायरी: पाच घरांची पट्टी

कागदावर दोन इंचांची पाच घरं आखा. पहिलं घर निव्वळ पांढरं, पाचवं निव्वळ काळं. ही दोन आधी भरायची. मग थेट तिसरं, म्हणजे मधलं. मधलं बरोबर जमलं की दुसरं आणि चौथं त्याच्या दोन्ही बाजूंना बसवायचं. एका टोकापासून ओळीने भरत गेलात तर तिसऱ्या घरापर्यंतच सगळा काळोख संपून जातो आणि शेवटची दोन घरं एकसारखी होतात.

मधला राखाडी करताना निम्मा काळा आणि निम्मा पांढरा घेतला तर तो मधला होत नाही, चांगलाच गडद होतो. काळा रंग पांढऱ्याला गिळतो. म्हणून नेहमी पांढरा बशीत घ्यायचा आणि त्यात काळा ब्रशच्या टोकाने थेंबाथेंबाने घालायचा. उलट केलंत तर अर्धी बाटली पांढरा रंग संपेल.

दुसरी अडचण वाळण्याची. पोस्टर कलरमधले उजळ टोन वाळल्यावर थोडे गडद होतात आणि गडद टोन थोडे उजळतात. ओल्या रंगावर निर्णय देऊ नका. कागदाच्या कडेला बोटभर रंग लावा, वाळू द्या, मग ठरवा. पट्टी तयार झाली की घरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि प्रत्येक घराला पंचिंग मशीनने एक भोक पाडा. हे तुमचं मोजमापाचं साधन. त्या भोकातून भिंत, भांडं, झाडाचं पान पाहायचं आणि भोकाभोवतीचा राखाडी आणि आतला टोन जुळतो का ते बघायचं. मुलांना हे साधन फार आवडतं, दप्तरात घालून शाळेत नेतात.

पाच घरांत हात बसला की नऊ घरांची पट्टी पेन्सिलने करा. इथे बहुतेकांची गडद घरं फिकी राहतात, कारण मनात भीती असते. 6बी घ्या आणि दाबा. कागद काळा व्हायलाच हवा.

दुसरी पायरी: अंडं

अंड्याइतका चांगला गुरू नाही. पांढरं अंडं, पांढरा कागद, डाव्या हाताला वर एकच दिवा. खिडकी बंद, खोलीतली ट्यूबलाइट बंद. दोन दिवे असले की दोन सावल्या पडतात आणि नवशिक्याच्या डोक्यात काहूर माजतं.

रेघेने अंडं काढून झाल्यावर घाई करू नका. आधी एकच गोष्ट शोधा: उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते. ती सीमा अंड्याच्या अंगावर वाकडी जाते, सरळ उभी जात नाही. ती सीमा अगदी हलक्या रेघेने आखा. मग त्या सीमेपलीकडचं सगळं, म्हणजे अंड्यावरची सावली आणि कागदावर पडलेली पडछाया, एकाच सपाट टोनने भरून टाका. दोन्ही एकत्र, मध्ये रेघ न ठेवता. या घडीला चित्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं. दिसू द्या. हाताभर लांब धरा, डोळे किलकिले करा. अंडं गोल वाटतंय? मग निम्मं काम झालं.

आता बारकावे. सावलीच्या सीमेला लागून एक पट्टा जास्त गडद असतो. तिथे दिव्याचा उजेड पोचत नाही आणि खालच्या कागदावरून उसळून येणारा उजेडही फारसा पोचत नाही. त्या पट्ट्याच्या पलीकडे, अंड्याच्या पोटाखाली, सावली पुन्हा थोडी उजळते. तो कागदावरून परत आलेला उजेड. बहुतेक सगळे इथेच चुकतात. तो परावर्तित उजेड पाहून इतके खूश होतात की तो जवळजवळ पांढरा ठेवतात. पाच घरांची पट्टी काढून तिथे धरा. तो उजेड सावलीतलाच आहे आणि उजेडाच्या बाजूच्या सगळ्यात गडद भागापेक्षाही गडद आहे, हे भोकातून लगेच दिसेल.

पडछायेकडेही नीट पाहा. अंडं जिथे कागदाला टेकतं तिथे ती सगळ्यात काळी असते आणि कड धारदार असते. अंड्यापासून लांब जाते तशी कड विरत जाते. एवढं एक पाहून काढलं की अंडं कागदावर बसतं, नाहीतर ते तरंगतं.

बोटाने घासू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं, ग्रॅफाइट चकचकीत होतं आणि त्यावर पुन्हा पेन्सिल चढत नाही. रेघा जवळजवळ, अंड्याच्या गोलाईने मारा.

पांढऱ्या अंड्यानंतर तेच अंडं लाल कापडावर ठेवून पाहा, मग काळ्या छत्रीवर. पोटाखालचा परावर्तित उजेड प्रत्येक वेळी बदलतो. नारळ, लिंबू, स्टीलची वाटी हे नंतर. स्टीलची वाटी शेवटी ठेवा, कारण तिच्यावर सगळी खोली उमटते आणि गोलाईचा नियम ती पाळत नाही. तिथे जे दिसतं ते जसंच्या तसं तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी इथे एक शब्द. स्थिरचित्रात 'डावीकडे उजेड, उजवीकडे काळं' असं पाठ करून गेलेलं मूल खिडकी उजवीकडे असली तरी तसंच काढतं. आणि शेवटी प्रत्येक वस्तूला काळी बॉर्डर मारतं. बॉर्डर मारली की सावलीत हरवायला हवी असलेली कड पुन्हा पुढे येते आणि तासाभराची मेहनत सपाट होते. मुलांना पाठ करायला लावू नका. त्यांना आधी विचारा, "उजेड कुठून येतोय, बोट दाखव."

तिसरी पायरी: ओव्हल मैदानातले छोटे आराखडे

खोलीत तीन रविवार झाले की बाहेर पडायचं. ओव्हल मैदान या सरावासाठी जणू बांधूनच ठेवलं आहे. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही रांगांना मिळून 2018 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, पण आपल्याला त्यांचा उपयोग वेगळा आहे. सकाळी आठ वाजता मैदानाच्या मध्ये उभं राहून पूर्वेकडे पाहा. सूर्य इमारतींच्या मागे, त्यामुळे टॉवर, ताडामाडाची झाडं सगळं मिळून एक गडद आकार. आता जागेवरच मागे वळा. पश्चिमेच्या फिकट रंगाच्या इमारती उन्हात न्हालेल्या, बाल्कन्यांखालच्या सावल्या कापल्यासारख्या. एकाच वेळी, एकाच मैदानात, विरुद्ध दोन धडे.

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चौकटी आखा. पहिल्या चौकटीत फक्त दोन टोन, कागदाचा पांढरा आणि 6बीचा काळा. मधलं काही नाही. इथे निर्णय घ्यावाच लागतो: टॉवरच्या अंगावरची नक्षी काळ्यात जाणार की पांढऱ्यात? झाड आणि त्याच्या मागची भिंत दोन्ही गडद असतील तर त्यांना एकच आकार करा. वेगळं दाखवायचा मोह आवरा. दुसऱ्या चौकटीत तीन टोन. एका चौकटीला पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. एका सकाळी अशा दहा चौकटी.

नंतर घरी चौकटी भिंतीला लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. जी लांबूनही ओळखू येते आणि नजरेला धरून ठेवते, तिचंच मोठं चित्र करायचं. बाकीच्या नऊ फुकट गेल्या असं समजू नका. त्या नऊ नसत्या तर दहावी निवडता आली नसती.

चौथी पायरी: एकाच रंगाचा वॉश

आता पाणी. फक्त बर्न्ट सिएना घ्या. जलरंगात पांढरा मिसळायचा नाही, कागदच पांढरा. टोन पाण्याने ठरतो. मी मुलांना स्वयंपाकघरातलं माप देते: पहिला वॉश पाणीदार ताकासारखा, दुसरा दुधासारखा, तिसरा सायीसारखा. या तीन जाडींतून पाच घरांची पट्टी पुन्हा करा. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे.

सपाट वॉशसाठी बोर्ड जरा तिरका धरा, भरलेल्या ब्रशने वरून एक आडवा पट्टा ओढा. त्याच्या खालच्या कडेला रंगाच्या थेंबांचा मणी साचेल. पुढचा पट्टा त्या मण्याला स्पर्श करून ओढायचा. असं शेवटपर्यंत. मधेच परत जाऊन दुरुस्ती केली की डाग पडतो. शेवटचा मणी कोरड्या ब्रशने उचलून घ्या. उतरत्या वॉशमध्ये प्रत्येक पट्ट्याला ब्रशमध्ये थोडं पाणी वाढवत जायचं.

मुंबईच्या हवेचा इथे विचार करावाच लागतो. जुलैमध्ये वॉश वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ जातो. घाईने वरचा थर दिला की खालचा उठतो आणि गढूळ होतो. पावसाळ्यात एकाच वेळी दोन कागदांवर काम करा, एक वाळेपर्यंत दुसरा. हेअर ड्रायर वापरायचा तर हातभर लांबून, नाहीतर ओला रंग वाऱ्याने पळतो. मे महिन्यात उलटं. पंख्याखाली वॉश अर्ध्यातच वाळतो आणि मधे कड उमटते. तेव्हा पंखा बंद, आणि कागद आधी ओल्या ब्रशने हलका भिजवून घ्यायचा. कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. दमट कपाटात ठेवलेल्या कागदाचं वरचं आवरण खराब होतं आणि तो टीपकागदासारखा रंग शोषतो, ठिपके ठिपके उठतात. पोस्टर कलरच्या बाटल्यांवरही बुरशी धरते. झाकण लावण्याआधी बाटलीचं तोंड पुसा.

एकरंगी सरावाचं ध्येय कुठे पोचू शकतं ते पाहायचं असेल तर चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिव्याच्या उजेडातल्या स्त्रीचं जलरंगचित्र आठवा. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि लोक अजूनही ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते चित्र एकरंगी नाही, पण त्यातला उजेड पिवळ्या रंगामुळे उजळत नाही, भोवतालचा काळोख दाबून ठेवल्यामुळे उजळतो. छापील प्रत समोर ठेवून तीन टोनमध्ये छोटा आराखडा करा. उजेडाची जागा किती लहान आहे हे हाताला कळेल.

पाचवी पायरी: रंगातला टोन ओळखणं

भाजीवालीकडून एक लिंबू, एक टोमॅटो, एक वांगं आणि दोन हिरव्या मिरच्या आणा. खिडकीजवळ ठेवा. आधी काळ्या-पांढऱ्या पोस्टर कलरने या चारही वस्तू रंगवा, फक्त राखाडीत. मग मोबाइलने कृष्णधवल फोटो काढून पडताळा. कॅमेरा स्वतःच उजेड कमी-जास्त करतो, त्यामुळे फोटोत कोण कोणापेक्षा गडद एवढंच पाहा, नेमका टोन त्यावरून ठरवू नका.

लिंबू जवळजवळ वर, वांगं जवळजवळ तळाशी, टोमॅटो आणि मिरची शेजारी-शेजारी. पिवळा जात्याच उजळ असतो, जांभळा जात्याच गडद. म्हणून पिवळ्याची सावली हा नवशिक्यांचा मोठा अडसर. पिवळ्यात काळा घातला की तो हिरवट होतो. लिंबाची सावली गॅम्बोजमध्ये थोडा बर्न्ट सिएना आणि अगदी थेंबभर अल्ट्रामरिन घालून करा, पिवळेपण टिकतं.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका वर्गात येतात. वांग्यावर त्यांनी दोन तास घालवले आणि ते जांभळ्या चिंचोक्यासारखं सपाट राहिलं. मला म्हणाले, "ताई, वांगं जांभळं आहे, मी जांभळंच रंगवलंय. काय चुकलं?" मी त्यांना पट्टीच्या भोकातून वांग्याच्या खांद्याकडे पाहायला सांगितलं. बराच वेळ पाहत राहिले. "इथे तर आभाळ आहे," म्हणाले. वांग्याच्या चकचकीत सालीवर खिडकीतलं आभाळ फिक्या निळ्या तुकड्याने उमटलं होतं, पट्टीतल्या दोन नंबरच्या टोनचं. त्यांनी ओल्या ब्रशने तेवढा रंग उचलला, धोतराच्या तुकड्याने टिपला. वांगं गोल झालं.

माझ्या शाळेत मी पावसाळ्यातला समुद्र मातकट करड्या रंगाने रंगवला होता, कारण गिरगाव चौपाटीवर तो तसाच दिसला होता. वर्गापुढे चित्र उंच धरून मला सांगण्यात आलं की समुद्र निळा असतो. ते अजून बोचतं. शिकवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, मुलाने नाव सोडून दिसणं रंगवलं असेल तर त्याला आधी शाबासकी द्या. लाल-हिरव्यात ज्यांची गल्लत होते अशी मुलंही वर्गात येतात. त्यांना टोनच्या कामात पुढे बसवा. नावांच्या मोहात न पडता त्यांच्यातली पुष्कळ मुलं उजळ-गडद छान पकडतात.

सहावी पायरी: दोन रंग, मग सहा

अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना, फक्त हे दोन. बारा घरांची पट्टी करा, एका टोकाला शुद्ध निळा, दुसऱ्याला शुद्ध तपकिरी, मधे हळूहळू प्रमाण बदलत. मध्यावर एक सुंदर राखाडी मिळतो, जाड लावला तर जवळजवळ काळा. निळ्याकडे झुकला की थंड, तपकिरीकडे झुकला की उबदार. पावसाळी आभाळ, हायकोर्टाचा काळा दगड, ओली फरशी, कावळा, लोकलच्या रुळांमधली खडी, एवढं सगळं या दोन ट्यूबमध्ये आहे. मी या जोडीवर तीन रविवार काढते, आणि कुणाला कंटाळा आल्याचं पाहिलं नाही.

मग सहा रंग. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे. प्रत्येक जोडीतला एक उबदार, एक थंड. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू मिसळला तर पोपटी, टवटवीत हिरवा मिळतो. गॅम्बोज आणि अल्ट्रामरिनने ऑलिव्हसारखा मळकट हिरवा. क्रिमसन आणि अल्ट्रामरिनचा जांभळा स्वच्छ येतो, व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लूचा येतच नाही, तिथे काळपट राखाडी होतो. कारण व्हर्मिलियनमध्ये पिवळ्याची झाक आहे, म्हणजे तुम्ही नकळत तिन्ही मूळ रंग एकत्र केलेत. 'चिखल झाला' म्हणतात तो हाच. पण चिखलाला घाबरू नका, तो नेमका कुठून आला हे कळलं की हवा तेव्हा करता येतो. मुंबईतल्या निम्म्या भिंती त्याच रंगाच्या आहेत.

तयार हिरवी ट्यूब निदान वर्षभर घेऊ नका. पावसानंतरचा रेन ट्री, बदामाची जाड पानं, शेवाळलेली गच्ची असे दहा हिरवे घरच्या सहा ट्यूबमधून तयार करा आणि प्रत्येकाखाली प्रमाण लिहून ठेवा. माडाच्या झावळीवर आभाळाचा उजेड सांडतो, तिथे हिरवा जवळजवळ निळा-पांढरा होतो. खाली, उजेड पानातून आरपार येतो तिथे तो पिवळा पडतो.

सातवी पायरी: शेजाऱ्यामुळे बदलणारा रंग

दादरला मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेताना दुकानदार स्वतःच म्हणतो, "बाहेर उजेडात नेऊन बघा." ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसतो, हे त्याला रोजच्या धंद्याने शिकवलेलं असतं. आणि कापड बघताना तो ते साडीच्या अंगावर न ठेवता काठाला लावून दाखवतो, कारण शेजार बदलला की रंग बदलतो.

हेच पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्या ध्यानात आलं. भिंतीवर लावायची विणलेली चित्रं बनवणाऱ्या गोबेलँच्या कारखान्यात ते रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली. त्यांनी धागा तपासला, रंग पक्का होता. दोष शेजारच्या धाग्यांच्या रंगाचा निघाला. त्यावर त्यांनी 1839 साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्या चित्रकारांना त्याचा फार उपयोग झाला.

सराव असा. घोटीव कागदाचे चार मोठे चौकोन कापा: पिवळा, जांभळा, लाल, हिरवा. प्रत्येकाच्या मध्यावर एकाच राखाडी कागदातून कापलेला एक इंचाचा तुकडा चिकटवा. पिवळ्यावरचा राखाडी जांभळट दिसेल, लालावरचा हिरवट. काळ्या आणि पांढऱ्या कागदावरही करा, काळ्यावर तोच राखाडी उजळ वाटेल. मुलांना खरं वाटत नाही, ती तुकडे उचकटून शेजारी ठेवून बघतात. बघू द्या, त्यासाठीच गोंद कमी लावायचा. यानंतर चित्रात एखादा लाल फिका वाटला तर लगेच आणखी लाल ओतू नका. त्याच्या शेजारचा रंग थोडा हिरवट-करडा करून पाहा.

यालाच जोडून पांढऱ्या बशीचा सराव. एकच बशी सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी खिडकीत आणि रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवा. हातभर कागदावर चार छोट्या बश्या. पांढरा रंग मुळीच वापरायचा नाही. दुपारच्या सावलीत आभाळाचा निळा येतो, बल्बखाली उजेडाची बाजू पिवळी-केशरी होते. हे चार बशांचं पान मी नवीन पालकांना दाखवते, 'सावली म्हणजे काळा' ही समजूत त्याने मोडते.

शेवटचे रविवार: एशियाटिकच्या पायऱ्या

बाराव्या रविवारी, हवा चांगली असेल तर, आम्ही एशियाटिक सोसायटीच्या इमारतीपाशी जातो. 1833 साली पूर्ण झालेल्या या टाउन हॉलचे पांढरे खांब आणि खालच्या तीस पायऱ्या यांच्यात आतापर्यंतचं सगळं एकत्र येतं. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो आणि पांढरे खांब तीन नंबरच्या टोनवर उतरतात, निळसर. दुपारी तीननंतर ऊन समोरून येतं आणि तेच खांब पहिल्या नंबरवर चढतात.

वेळ ठरवून जा. पहिली दहा मिनिटं फक्त पाहा, मग तीन टोनचे तीन आराखडे. एक निवडा आणि त्याच्या कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा बाण आणि घड्याळातली वेळ लिहा. कागदावर अगदी हलकं रेखाटन, त्यानंतर लगेच सावल्यांचा वॉश, सगळ्या एका दमात, अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाच्या थंड राखाडीने. सावल्या आधी, कारण त्या सगळ्यात लवकर हलतात. पाऊण तासात खांबाची सावली पुढच्या पायरीवर सरकलेली असेल. तुम्ही मात्र पहिल्या वॉशमध्ये पकडलेलीच ठेवा. नवी सावली पाहून जुनी बदलायला गेलात तर चित्रात दोन सूर्य येतात.

सावल्या वाळल्या की उजेडाच्या बाजूवर पातळ उबदार वॉश, ताकाएवढा. खांबांचा सगळ्यात उजळ भाग कोरा कागद. पायऱ्यांवर बसलेली माणसं शेवटी, गडद ठिपक्यांनी, डोकं आणि खांदे एवढंच.

शिकवत असाल तर विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःचा ब्रश कधीही लावू नका. शेजारी वेगळ्या कागदावर करून दाखवा आणि तो कागद त्याला देऊन टाका. आणि निघण्याआधी सगळ्यांची चित्रं पायरीवर एका ओळीत मांडा, उजळापासून गडदापर्यंत, पहिल्या रविवारच्या वस्तूंसारखी. कुणाचं चित्र कुठे ठेवायचं यावरून मुलं पुन्हा वाद घालतील. तेव्हा बाजूला उभं राहून ऐका: आता ती लाल-हिरवं म्हणत नाहीत, "याचा तीन नंबर गेलाय चारवर" असं म्हणतात.